पेटीआधी पोहोचलेली गोष्ट

भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी बोदवड व मलकापूर मागे टाकून नांदुऱ्याच्या फलाटाला लागते आणि पुढे जलंब, शेगाव, अकोला अशी स्थानके घेत बडनेऱ्याच्या दिशेने निघून जाते, हा क्रम १८६७ साली नागपूरपर्यंत जाऊन पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घालून दिला, तो आजतागायत चालू आहे. या लोहमार्गाने वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईच्या गोदीकडे गेला, आणि उलट दिशेने मीठ, रॉकेल, गिरण्यांचे कापड, वर्तमानपत्रे व यात्रेकरू आले; बोलपटांचे युग सुरू झाल्यावर याच मार्गाने, पत्र्याच्या पेट्यांत बंद होऊन, चित्रपटांची रिळेही गावोगाव फिरू लागली. परंतु ती पेटी गाडीतून उतरण्याच्या कितीतरी आधी त्या चित्रपटाची गोष्ट तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरून गावात पायी चालत आलेली असे. नायकाचा खरा बाप कोण, खून कोणी केला, मेली म्हणून समजली गेलेली स्त्री खरोखर मेली होती की नाही, याची सारी वाटाघाट ओट्यावर, पारावर आणि जिनिंगच्या आवारात होऊन गेल्यावर मग चित्रपट लागे. ज्या गावी कलाकृती उशिरा पोहोचते, त्या गावी तिचे रहस्य लवकर पोहोचते. आणि म्हणून रहस्य सांगण्याच्या व राखण्याच्या रीतीचा इतिहास लिहावयाचा तर तो मुंबईच्या भव्य चित्रगृहांपेक्षा नांदुऱ्यासारख्या कसब्यातूनच अधिक चांगला दिसतो.

ज्ञानगंगेच्या काठचे हे गाव पूर्वी मलकापूर तालुक्यात मोडत असे. आज ते बुलडाणा जिल्ह्यातील स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. वऱ्हाडचा सुभा मोगलांकडून निजामाकडे गेला, १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडला जाऊन तो सी.पी. अँड बेरार झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. महसुलाच्या दप्तरातून जुन्या सीमा अशा एकामागून एक पुसल्या गेल्या, तरी सिनेव्यवसायाच्या दप्तराने त्या पुसू दिल्या नाहीत. चित्रपटांच्या वितरणाकरिता देशाचे जे मुलूख पाडले गेले, त्यांत विदर्भ हा आजही ‘सी.पी. बेरार’ म्हणून ओळखला जातो, आणि मराठवाडा ‘निजाम’ या मुलखात मोडतो. ज्या राज्यव्यवस्थेचे नाव शाळेतील मुलाला ठाऊक नाही, तिच्या हद्दीवरून आपल्या गावी कोणता चित्रपट केव्हा लागावा हे ठरत आले. या मुलखाचे व्यवहार मुख्यत्वे अमरावती आणि भुसावळ येथून चालत, आणि याचे कारण लोहमार्गाच्या रचनेत होते. भुसावळ हे मुंबई, नागपूर व इटारसी या तिन्ही दिशांना जोडणारे मोठे जंक्शन असल्याने पेट्या पाठविणे आणि परत मागविणे तेथून सोयीचे पडे. नांदुरा या दोन केंद्रांच्या मधल्या मार्गावर वसलेले. म्हणजे पेट्या त्याच्या दारावरून सतत जात-येत असत, पण त्यांपैकी फारच थोड्या, आणि त्याही फार उशिरा, त्याच्याकरिता उतरत.

उशीर का होई, हे समजण्यासाठी व्यवसायाची घडण पाहिली पाहिजे. चित्रपटाची प्रत्येक प्रत म्हणजे कित्येक हजार फूट फिल्म. ती करवून घेण्यास खर्च मोठा, म्हणून एका मुलखाकरिता वितरक मोजक्याच प्रती घेई. त्या प्रती आधी नागपूर, अमरावती, अकोला यांसारख्या मोठ्या शहरांत चालत. तेथील गर्दी ओसरली की त्या खामगावसारख्या मध्यम गावांकडे वळत. आणि मग लहान कसबे, आठवडी बाजाराची गावे व जत्रांतील तंबू यांची पाळी येई. पेटीबरोबर वितरकाचा प्रतिनिधी येई. तिकिटांची विक्री तपासणे आणि वितरकाचा हिस्सा हिशेबाने ताब्यात घेणे हे त्याचे काम. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये खेळासाठी परवाना लागे, करमणूक कर भरावा लागे, आणि हे सारे सोपस्कार पुरे होऊन पडद्यावर चित्र उमटेपर्यंत मुंबईत त्याच चित्रपटाचा रौप्यमहोत्सव होऊन गेलेला असे. शिवाय जी प्रत येई, तीही शेकडो खेळांतून घासून निघालेली. तुटलेली फिल्म प्रत्येक वेळी कापून जोडताना काही चौकटी गळत, कधी अर्धे गाणे जाई, कधी एखादा प्रवेशच नाहीसा होई. अशा वेळी ज्याने गोष्ट आधी ऐकलेली असे तो शेजाऱ्याला मधला दुवा सांगे, आणि फाटलेली कथा पुन्हा सांधली जाई. आगाऊ कळलेली गोष्ट रसभंग करते, असे आपण सर्रास म्हणतो. पण झिजलेल्या प्रतीच्या त्या काळात तिनेच कित्येकदा रस वाचविला, हेही नमूद केले पाहिजे.

ही गोष्ट आणणारे लोक कोण होते? अकोल्यास किंवा अमरावतीस शिकावयास राहिलेले विद्यार्थी, रेल्वेतील नोकर, सरकीचा सौदा करून परतणारे व्यापारी, दिवाळसणाला माहेरी आलेल्या लेकी. पिच्चर पाहून आलेल्या माणसाची त्या काळी गावात एक प्रतिष्ठा असे, आणि ती त्याला गोष्ट सांगून सिद्ध करावी लागे. तो पाटीपासून सुरुवात करी. नटनटींची नावे, मग नायकाचे गाव, मग नायिकेचा बाप. गाणे आले की चाल गुणगुणून दाखवी, मारामारी आली की उठून उभा राही, आणि खलनायकाचे बोलणे त्याच्याच आवाजात करू पाही. ऐकणाऱ्यांत अशी कितीतरी माणसे असत की ज्यांना तो चित्रपट कधीच पाहावयास मिळणार नव्हता: घराचा उंबरठा रात्री ओलांडण्याची मुभा नसलेल्या सुना, म्हातारी माणसे, तिकिटापुरते पैसे नसलेली पोरे. त्यांच्यापुरता सांगणाराच चित्रपट होता. त्याने शेवट लपवून ठेवला असता तर ती कथा त्यांच्यापाशी कायमची अपुरी राहिली असती. म्हणून गावातला हा कथेकरी शेवटापर्यंत सांगे, आणि त्यात कोणाचा अपराध करीत आहोत अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नसे.

ही शंका न शिवण्याचे कारण आपल्या कथापरंपरेत खोल आहे. वऱ्हाडात कथा ऐकण्याची मुख्य जागा म्हणजे कीर्तन. हरिदासाने उत्तररंगात आख्यान लावले की ते हरिश्चंद्राचे असो वा ध्रुवाचे, समोर बसलेल्या आबालवृद्धांना त्याचा शेवट तोंडपाठ असे. आणि तरीही तारामतीवर खड्ग उगारले जाण्याचा प्रसंग आला की मंडपातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येई. नांदुऱ्याच्या हमरस्त्यावर १०५ फूट उंचीची मारुतीची भव्य मूर्ती उभी आहे. तिच्या पायाशी उभ्या राहिलेल्या कोणत्याही बालकाला हा मारुती समुद्र उल्लंघणार, सीतेचा शोध लावणार आणि लंका जाळणार हे कोणी नव्याने सांगावे लागत नाही. भारतीय चित्रपटाने आपला आरंभ नेमका याच ज्ञात कथांपासून केला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला, आणि १९१७ साली त्यांच्याच ‘लंकादहन’ने, ज्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, विलक्षण गर्दी खेचली. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईत एक वर्षाहून अधिक काळ चालला. त्यातील वैकुंठगमनाचा प्रवेश कोणत्या प्रेक्षकास अनपेक्षित होता? पुढे १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पुढच्या रविवारी काय होणार हे देशातील प्रत्येक घराला हजारो वर्षांपासून ठाऊक होते. ज्ञात कथेला रहस्यभेदाचे भय नाही. तिचा रस पुढे काय होणार या कुतूहलावर उभा नसतो; ते कसे होणार, आणि होत असताना आपल्या मनाचे काय होणार, या उत्कंठेवर उभा असतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग शेवट फोडण्याविरुद्ध तक्रार ही पाश्चात्त्यांची आयात आहे, आपल्याकडे तिला आधार नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याची साक्ष आपल्याच नाट्यशास्त्रात आहे. प्राचीन शास्त्रकारांनी नाट्यवस्तूचे भेद करताना इतिहासपुराणांतून घेतलेली ‘प्रख्यात’ कथा आणि कवीने स्वतःच्या कल्पनेने रचलेली ‘उत्पाद्य’ कथा यांत स्पष्ट भेद केला. पहिलीवर ‘नाटक’ उभे राहते आणि दुसरीवर ‘प्रकरण’. पुढे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे कथेचे पाच संधी सांगून, निर्वहणात म्हणजे शेवटच्या संधीत अद्भुत रसाची योजना करावी असे भरताने सांगितले आहे. अंती प्रेक्षकाला विस्मय वाटला पाहिजे, हा विचार या भूमीत दोन सहस्र वर्षांच्या आसपास जुना आहे.

याच विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने हे दोन्ही प्रकार हाताळले. ‘मालतीमाधव’ हे त्याचे प्रकरण. कथा कविकल्पित, प्रेक्षकाला पूर्वी न ठाऊक असलेली. ‘उत्तररामचरित’ हे नाटक. कथा अवघ्या जगाला ठाऊक असलेली. पण या दुसऱ्या कृतीत भवभूतीने जे केले ते रहस्याच्या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रामायणाच्या उत्तरकांडात सीता भूमीच्या उदरात जाते आणि परत येत नाही; हा शेवट मनात धरून बसलेल्या प्रेक्षकांपुढे भवभूतीने नाटकातच एक गर्भनाटक उभे केले आणि त्याच्या अखेरीस राम व सीता यांचे मीलन घडविले. शेवट ठाऊक आहे अशा खात्रीने बसलेल्या माणसालाही कवी विस्मयाचा धक्का देऊ शकतो, याचे यापेक्षा उदात्त उदाहरण मला दुसरे दिसत नाही. आणि त्या पहिल्या प्रेक्षकांपैकी एखाद्याने रंगमंडपाच्या दारात उभे राहून आत येणाऱ्यांना हा बदल आधीच सांगून टाकला असता, तर त्याने कवीचे आणि रसिकांचे दोघांचेही काहीतरी हिरावून घेतले असते.

मराठीत कविकल्पित कथेला छापखान्याने बळ दिले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यापाठोपाठ आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकाला अपहरण, वेषांतर आणि अखेरीस उलगडणारी ओळख यांची गोडी लावली. १८९० मध्ये हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या, तेव्हा वाचकांनी आठवड्याची प्रतीक्षा ही नवी गोष्ट अनुभवली. क्रमशः छापलेल्या कथेत एक समानता होती: पुढचे प्रकरण कोणापाशीच नसे, म्हणून ते फोडणेही कोणाला शक्य नव्हते. रहस्याचा खरा व्यापार पुढे बाबूराव अर्नाळकरांनी केला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. झुंजार, काळापहाड, धनंजय व छोटू या त्यांच्या नायकांनी कित्येक दशके मराठी वाचनालये व्यापली, आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर गेली. या पुस्तकांच्या फिरत्या प्रतींनी एक नवा अनाचारही जन्माला घातला. आधीच्या वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने गुन्हेगाराचे नाव लिहून ठेवावे, आणि नंतरच्याने ते वाचून हळहळावे, हा प्रकार गावोगावच्या वाचनालयांना परिचित आहे. ओट्यावरचा कथेकरी आणि हा पेन्सिलवाला, दोघेही शेवट सांगतात. पण पहिला ज्याच्यापाशी कथा नाही त्याला ती देतो, आणि दुसरा ज्याच्या हातात कथा आहे त्याच्याकडून ती काढून घेतो. या भेदावरच पुढचे सारे अवलंबून आहे.

चित्रपटाच्या धंद्याला हा भेद लवकर उमगला, आणि त्याने त्यावर एक फार सुंदर तोड काढली. बोलपटाच्या प्रत्येक खेळाला चित्रगृहात गाण्यांची छोटी पुस्तिका विकत मिळे. तीत नटांची नावे, गाण्यांचे शब्द आणि कथासार छापलेले असे. हे कथासार नायक-नायिकेच्या भेटीपासून सुरू होई, संकटापर्यंत येई, प्रश्नांची मालिका उभी करी, आणि उरलेले पडद्यावर पाहा अशा अर्थाची विनंती करून थांबे. निर्मात्याने स्वतः आखलेली ती मर्यादारेषा होती: इथपर्यंत सांगण्यास हरकत नाही, इथून पुढे मौन. बैलगाडीवर फलक बांधून, बाजा वाजवीत गावात फिरणारा जाहिरातवाला हाच नियम पाळी, आणि पुढे विविध भारतीवर चित्रपटांचे प्रायोजित कार्यक्रम सुरू झाले तेव्हा अमीन सयानी यांच्यासारखे निवेदकही गोष्ट ऐन पेचात सोडून श्रोत्याला चित्रगृहाचा रस्ता दाखवीत. वृत्तपत्रांतील परीक्षणकारांनीही मध्यंतरापर्यंतची कथा सांगावी आणि नंतरचे सूचित करावे, हा दंडक बहुतांशी पाळला. कायद्याने लिहिलेले यात काही नव्हते. लोकाचाराने एक सीमा ठरविली आणि बहुसंख्यांनी ती मानली.

या सीमेची खरी परीक्षा रहस्यपटांच्या लाटेने घेतली. १९६२ च्या ‘बीस साल बाद’पासून १९६४ चा ‘वो कौन थी?’, १९६५ चा ‘गुमनाम’, १९६७ चा ‘ज्वेल थीफ’ असे एकामागून एक चित्रपट आले, ज्यांचा सारा डोलारा शेवटच्या काही मिनिटांवर उभा होता. या लाटेत मराठीचा वाटा फार मोलाचा आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला; काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात भूमिका होत्या. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये त्यावरून ‘इदय कमलम’ निघाला, आणि १९६६ साली राज खोसला यांनी साधना व सुनील दत्त यांना घेऊन हिंदीत ‘मेरा साया’ केला. म्हणजे ‘मेरा साया’ वऱ्हाडातल्या चित्रगृहांना लागला तेव्हा मराठी प्रेक्षकांपैकी एका मोठ्या वर्गाला त्यातील न्यायालयात उभ्या असलेल्या स्त्रीचे रहस्य दोन वर्षांपूर्वीच ठाऊक झालेले होते, आणि कादंबरीच्या वाचकांना त्याहूनही आधी. तरीही चित्रपट उत्तम चालला. मराठी प्रेक्षकाने तो हरिदासाच्या आख्यानासारखा पाहिला असला पाहिजे: परांजप्यांनी जे केले ते खोसलांनी कसे केले, कृष्णधवलातील सावली रंगांत कशी उतरली, तो निर्णायक क्षण कसा मांडला, हे न्याहाळीत. उत्पाद्य कथा एकदा सर्वांच्या ओळखीची झाली की तीही हळूहळू प्रख्यात होते, आणि मग तिच्यातून दुसऱ्या प्रतीचा, अधिक शांत असा आनंद मिळू लागतो. पण हा दुसरा आनंद पहिल्यानंतरच यावयाचा असतो. ज्याने ‘पाठलाग’ कोऱ्या मनाने पाहिला त्याला दोन्ही आनंद लाभले. ज्याला ‘पाठलाग’चा शेवट फाटकाबाहेरच कोणी सांगितला त्याच्या वाट्याला केवळ दुसरा आला. त्या बहुमोल चित्रपटांचे शेवट मी येथे लिहीत नाही, कारण साठ वर्षांनंतरही ते प्रथमच पाहणारा एखादा तरुण वाचक असू शकेल आणि त्याचा तो हक्क आहे.

याच काळात समुद्रापलीकडेही या हक्काचा विचार चालू होता. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाच्या अखेरीस प्रेक्षकांना गुन्हेगाराचे नाव बाहेर न सांगण्याची विनंती केली जाते, आणि महामारीच्या काळातील खंड सोडला तर आजवर चालत आलेल्या त्या नाटकाच्या प्रेक्षकांच्या पिढ्यांनी ती मोठ्या निष्ठेने पाळली. आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५५ च्या आपल्या ‘ले दियाबोलिक’च्या शेवटी तशीच विनंती पडद्यावर लिहून दाखविली. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’करिता तर दंडकच घातला की चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही, मग तो कितीही मोठा असो, आत सोडू नये. चालू खेळाला अर्ध्यातून येऊन बसण्याची आणि पुढच्या खेळात मागचा भाग पाहून घेण्याची सवय जगभर होती. हिचकॉकच्या हुकमाने ती मोडली आणि कथेला तिचा आरंभ, मध्य व अंत या क्रमाचा मान परत मिळवून दिला.

आपल्याकडे तसा हुकूम निघाला नाही. आपल्याकडे एक आख्यायिका निघाली. कोणा प्रेक्षकाने डोअरकीपरला किंवा टांगेवाल्याला बक्षिसी नाकारली, आणि त्या रागाने त्याने दिवे मालवता मालवता खुन्याचे नाव मोठ्याने सांगून टाकले, ही हकिकत मी अनेक गावांत, प्रत्येक वेळी वेगळ्या चित्रपटाच्या नावाने ऐकली आहे. ती कोठे प्रत्यक्ष घडली याला महत्त्व नाही. ती इतक्या गावांनी आपली म्हणून सांगितली यातून लोकांच्या मनातील एक समज प्रकट होतो: शेवट फोडणे हा दंड आहे, तो एखाद्याचे नुकसान करण्याकरिता वापरता येतो, आणि म्हणून मुद्दाम शेवट फोडणारा अपराधी ठरतो. ज्या समाजाने कीर्तनात सहस्र वेळा ऐकलेल्या कथेवर अश्रू ढाळले, त्याच समाजाने नव्या प्रकारच्या कथेकरिता नवा नीतिनियम आपल्या मनाने तयार केला. त्याला कोणत्याही परदेशी ग्रंथाची गरज पडली नाही.

आगाऊ ज्ञानाचा सर्वांत मोठा उत्सव झाला तो ‘शोले’च्या वेळी. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो मुंबईत लागला आणि मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे राहिला. त्याच्या संवादांची ध्वनिमुद्रिका पॉलिडोर कंपनीने काढली, आणि ती लग्नमंडपांत, गणेशोत्सवांत, हॉटेलांच्या कर्ण्यांवरून लहान गावांतही वाजू लागली; लहान केंद्रांवर प्रत पोहोचेपर्यंत तेथील पोरांना गब्बरचा शब्दन् शब्द मुखोद्गत झालेला असे. त्यांनी चित्रपट पाहिला तो ऐकलेल्या आवाजांना चेहरे मिळतात हे पाहण्याकरिता. येथेही आगाऊ कळण्याने हानी झाली नाही, कारण जे कळले ते निर्मात्याने स्वतः, हिशेबाने, अभिमानाने बाहेर सोडले होते. आणि ‘शोले’चा जीव एका गाठीत नसून शेकडो प्रसंगांत वाटलेला होता.

अलीकडे विद्वानांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेव्हिट व निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली बारा लघुकथा घेऊन प्रयोग केला आणि आगाऊ शेवट कळलेल्या वाचकांना कथा कमी न आवडता किंचित अधिकच आवडल्या असे प्रसिद्ध केले. नंतर इतर संशोधकांचे प्रयोग याच्या उलट गेले. मला वाटते, प्रयोग कोणत्याही बाजूला झुकला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. एखाद्याला आधी सांगून टाकलेली कथाही आवडेल, हे मान्य. पण ती कोणत्या रीतीने भोगावी हे निवडण्याचा अधिकार त्याचा होता, आणि तो न विचारता दुसऱ्याने वापरला. आनंदाच्या मोजमापाने या अन्यायाचे निरसन होत नाही.

आता नांदुऱ्याचा तो जुना उशीर संपला आहे. फिल्मच्या पेटीची जागा अंकीय प्रक्षेपणाने घेतली, आणि मुंबईत ज्या शुक्रवारी चित्रपट लागतो त्याच शुक्रवारी तो बुलडाणा जिल्ह्यातही लागू शकतो. १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘बाहुबली’ने कट्टप्पा या पात्राने अखेरीस जे केले ते का केले हा एकच प्रश्न ठेवून पडदा पाडला, आणि २८ एप्रिल २०१७ रोजी दुसरा भाग येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे शहर आणि खेडे एकाच अज्ञानात समान भावाने राहिले. ‘करमणूक’च्या वाचकांना जी समता लाभली होती, ती अवघ्या देशाला लाभली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘इत्तफाक’च्या नव्या आवृत्तीच्या निर्मात्यांनी तिचा शेवट न फोडण्याचे आवाहन प्रेक्षकांना केले; १९६९ च्या यश चोप्रा यांच्या त्याच नावाच्या गाणीविरहित चित्रपटाला कधी अशी विनवणी करावी लागल्याचे ऐकिवात नाही. कारण अंतर संपले तशी एक मर्यादाही संपली. पूर्वी गोष्ट सांगणारा माणूस समोर बसलेला असे. ऐकणारा हात वर करून त्याला थांबवू शके, ‘पुढचं सांगू नको, मी रविवारी खामगावला जाणार आहे’ असे म्हणू शके, आणि सांगणारा थांबे. आता पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच शेवटाच्या तर्ककुतर्कांसह चित्रे मोबाइलवर येऊन आदळतात. पाठविणाऱ्याला वाचणारा दिसत नाही, वाचणाऱ्याला नको म्हणण्यास अवसर मिळत नाही. जुना कथेकरी श्रोत्याची परवानगी घेऊन शेवटापर्यंत जाई. आजचा निवेदक परवानगीची कल्पनाच गाळून बसला आहे.

या साऱ्या इतिहासावरून मला एक नियम निघताना दिसतो, आणि तो आपल्या पूर्वजांनी न लिहिता पाळला होता म्हणूनच तो मी आग्रहाने मांडतो. प्रख्यात कथा सर्वांची आहे. ती कोणीही, कोठेही, अखेरपर्यंत सांगावी, आणि जितकी सांगितली जाईल तितकी ती समृद्ध होईल. उत्पाद्य कथेचा शेवट मात्र प्रथम पाहणाऱ्याच्या हाती ठेव म्हणून आलेला असतो, आणि ठेवीचा धर्म असा की जिच्यावर नंतर येणाऱ्याचा हक्क आहे ती त्याच्या हाती अखंड द्यावी. ज्याला ती कथा कधीच भेटणार नाही, त्याने मागितली तर त्याला ती पूर्ण सांगावी. तेथे मौन हा कृपणपणा ठरेल. जो ती पाहण्यास निघाला आहे त्याला मात्र काहीही सांगू नये. तेथे बोलणे हा अपहार ठरेल. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. समोरच्या माणसाला एवढेच विचारावे लागते की त्याला ऐकावयाचे आहे की पाहावयाचे आहे. वऱ्हाडातल्या ओट्यांवर हा प्रश्न विचारला जात होता, आणि तेथे कायद्याचे वा कोणा निर्मात्याच्या आवाहनाचे बंधन नसतानाही तो विचारला जात होता. ज्या गावाने सगळ्यांच्या नंतर चित्रपट पाहिले त्याने हे सौजन्य सगळ्यांच्या आधी आचरले. आणि आज सर्वांच्या आधी पाहणारा प्रत्येक जण आपल्यामागून येणाऱ्यांच्या बाबतीत त्याच सौजन्याचा ऋणी आहे.